गाडी हालोलची, सुटे भाग परदेशातल्या यार्डातले: येऊ द्यावेत की नाही?

विश्वामित्रीकाठ

आमच्याकडे १९९७ ची ओपेल ॲस्ट्रा आहे. बाबांनी ती नवी घेतली तेव्हा हालोलच्या कारखान्यातून ॲस्ट्रा निघायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. बडोद्यापासून ४० किलोमीटरवर जर्मन गाडी बनते याचं त्यांना फार अप्रूप. पुढे २००६ मध्ये ओपेल हे नावच भारतातून गेलं, २०१७ मध्ये जनरल मोटर्सने हालोल बंद केलं, आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात. आमची गाडी मात्र चालत राहिली. २०२२ मध्ये ५,००० रुपये भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, तेव्हा तपासणीत तिच्यात एक खोट निघाली नव्हती.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी सीटच्या वर गेलं. बाबा गच्चीवरून बघत होते. पाणी ओसरल्यावर कार्पेट काढून फेकलं, इंजिन उघडून धुतलं, सगळी तेलं बदलली. एवढं निभावलं. पण ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला, कारण तो पायापाशी बाजूच्या पॅनेलमागे असतो, गाळात पहिला तोच बुडतो. उजव्या हेडलाईटचा रिफ्लेक्टर काळा पडला. दोन्ही वस्तू नव्या कुठेच मिळत नाहीत. इंग्लंडमध्ये हीच गाडी व्हॉक्सहॉल नावाने विकली जायची, उजव्या स्टिअरिंगचीच, म्हणून तिथल्या जुन्या गाड्या मोडणाऱ्या एका यार्डातून मागवल्या. पार्सल कस्टमला अडलं. आपल्या विदेश व्यापार धोरणात यंत्रसामग्री सोडून बाकी वापरलेला माल परवान्याशिवाय आणता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आधी चौकशी केली नाही ही चूक माझी. पार्सल परत गेलं, पाठवणीचे पैसे बुडाले.

माझं म्हणणं एवढंच: ज्या गाडीची कंपनी देश सोडून गेली, ती गाडी पोरकी आहे. अशा पोरक्या गाडीच्या मालकाला स्वतःच्या गाडीपुरता, चासी नंबर दाखवून, मूळ बनावटीचा वापरलेला भाग आणू द्यावा. अलंगला परदेशी जहाजं फोडतात, त्यांतले पंप, जनरेटर, फर्निचर आपण गुजरातभर वापरतो. मग एका हेडलाईटला का अडवायचं? तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

मकरपुरा लेथ

माझा स्पष्ट विरोध. तुमच्याविषयी नाही, तुम्ही मागताय त्या दाराविषयी.

३१ वर्षं जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे आणि पंपांचे भाग बनवतो आहे. वापरलेल्या भागाचं आयुष्य किती उरलंय हे बाहेरून बघून सांगता येत नाही. इंग्लंडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथल्या गाडीचं वरचं अंग चकचकीत असतं आणि खालचा सब-फ्रेम, ब्रेकचे पाईप, स्प्रिंगचे कप पोखरलेले असतात. फोटोत रंग मारलेला दिसतो. आज तुम्ही ईसीएम मागताय, उद्या त्याच दारातून कुणी स्टिअरिंग रॅक आणेल, ब्रेक कॅलिपर आणेल, परवा एअरबॅग आणेल. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं काय झालं ते आठवा. उष्ण आणि दमट हवेत त्यातलं रसायन बिघडतं आणि अपघातात फुगण्याऐवजी धातूचे तुकडे उडतात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या. अशा गाडीतून काढलेली एअरबॅग बडोद्याच्या हवेत कुणाच्या तोंडासमोर बसवायची?

आणि सगळं बाहेरूनच का आणायचं? याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ते मुलांच्या हाताला धातू, लाकूड, यंत्र कळावं म्हणून. बुश, गॅस्केट, क्लच प्लेटचं नवं लायनिंग, व्हील सिलिंडरला स्लीव्ह, रेडिएटरचा नवा कोअर, हे सगळं इथे होतं, आणि नवं होतं. रबराचं तर जुनं आणूच नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, नव्वदच्या दशकातले इंधनाचे पाईप त्यात फुगतात आणि तडकतात. ते इथेच इथेनॉलला टिकणाऱ्या रबरात घ्या.

जिप्सी९१

मकरपुरा काका, तुमच्या हाताला मान आहे, पण तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. बनवता येणारं आणि न बनवता येणारं. हेडलाईटची काच लेथवर होत नाही.

मी तर पुढे जाऊन म्हणतो, इंजिनसुद्धा बदलू द्या. माझी जिप्सी १९९१ ची, ९७० सीसी. १९९६ नंतर मारुतीनेच त्यात १,२९८ सीसीचं इंजिन दिलं. म्हणजे गाडीच्या अंगाला ते झेपतं हे कंपनीनेच दाखवलंय. लोक जुन्या बलेनोचं १.६ सुद्धा बसवतात. पण २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी हटवता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलं. जर्मनीत बदल करायचा तर टीयूव्ही या तपासणी संस्थेचा तपासनीस गाडी बघतो, ब्रेक, चाकं, धूर, आवाज तपासतो, पास झाली तर बदल कागदावर चढतो. आपल्याकडे माझ्यासारख्याने तपासून घ्यायचं म्हटलं तर जायचं कुठे? म्हणून लोक लपवतात, आणि लपवलेलं काम नेहमी वाईट होतं. वेल्डिंग रात्री होतं, बिल नसतं.

वाडीची अपर्णा

मी गाड्यांतली जाणकार नाही. माझं घर रस्त्याला लागून, सासूबाई हृदयरोगी. रात्री अकरानंतर कापलेल्या सायलेन्सरच्या गाड्या जातात तेव्हा त्या दचकून उठून बसतात. बदल करणाऱ्यांना स्वातंत्र्य हवं, तर शेजाऱ्याच्या झोपेचं काय? विश्वामित्रीकाठ यांच्या बाबांची गाडी दुरुस्त व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण त्यांच्या नावावर बाकीच्यांना दार उघडेल याची भीती जास्त वाटते. जिप्सीवाल्या दादांनी ‘इंजिनसुद्धा’ म्हटलं, तिथेच ती भीती खरी ठरली.

जिप्सी९१

ताई, सायलेन्सर कापणाऱ्यांना दंड व्हायलाच हवा. माझ्या गाडीला कंपनीचाच सायलेन्सर आहे. तपासणीची सोय मागतोय ती त्यासाठीच, की आवाज मोजून मगच पास करावं.

फत्तेगंजचा सर्व्हेयर

मोटार विम्याचे अपघात तपासण्यात माझी १८ वर्षं गेली. एक बाजू मांडतो, ती इथे कुणी बोललं नाही.

अपघात झाला की मी आधी आरसी, चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडतो. नंबर जुळला नाही तर पुढचं सगळं अवघड होतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घ्यावी लागते आणि नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दावा नाकारायला तिला आधार मिळतो. गाडीचं नुकसान राहू द्या, समोरच्या माणसाचा पाय गेला असेल तर ती भरपाई कुणाच्या गळ्यात पडते याचा विचार जिप्सीवाल्यांनी करावा. रात्रीच्या वेल्डिंगची किंमत त्या तिसऱ्या माणसाने का मोजायची?

हेडलाईटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. विश्वामित्रीकाठ यांनी इंग्लंडमधून मागवला, ते बरोबर केलं. आपण डाव्या बाजूने चालतो, तिथेही तसंच. म्हणून खालच्या झोतातला वर उचललेला भाग डावीकडे, रस्त्याच्या कडेला पडतो. पण हाच दिवा कुणी जर्मनीतून स्वस्तात आणला तर तो भाग उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. बाहेरून दिवे सारखेच दिसतात, बसतातही त्याच जागी. असे दिवे लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, मालकाला पत्ताही नसतो. म्हणून भाग ‘मूळ बनावटीचा’ आहे एवढ्याने भागत नाही, तो कोणत्या देशासाठी बनवला हे महत्त्वाचं. जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, असे डाव्या बाजूने चालणारे देशच आपल्या कामाचे.

दांडिया बाजार

२९ वर्षांची पेट्रोल गाडी ठेवायचीच कशाला? सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, नव्या गाडीवर सवलत घ्या. जपायच्या गाड्या वेगळ्या असतात. २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर विंटेज गाड्यांच्या प्रदर्शनात ज्या उभ्या होत्या, त्या वारसा. ॲस्ट्रा वारसा नाही.

विश्वामित्रीकाठ

दांडिया बाजार, वारसा कशाला म्हणायचं हे नियमात लिहिलंय: ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी. म्हणजे ॲस्ट्राचा नंबर २०४७ मध्ये लागेल. आज मोडीत काढल्या तर तेव्हा बडोद्यात हालोलची एकही ॲस्ट्रा दाखवायला उरणार नाही. पॅलेसवरच्या गाड्यासुद्धा कधीतरी २९ वर्षांच्या जुन्या गाड्याच होत्या, आणि कुणीतरी तेव्हा त्या भंगारात घातल्या नाहीत.

मकरपुरा काका, एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि रबराचं सगळं, हे वापरलेलं आणू देऊ नये, हे मला मान्य. मी आधी सरसकट लिहिलं ते चुकलं. काच, दिवे, पॅनेल, आतलं प्लास्टिक, स्विच, मीटर, ईसीएम, यांच्यापुरतं बोलतो. इंजिनाच्या काही बारीक भागांसाठी तर मला बाहेर जावंही लागलं नाही. दाएवूची सिएलो ओपेलच्या कॅडेटवरूनच निघाली होती, तिचे भाग कामी आले.

पण ईसीएमचं कोडं बघा. प्रोग्राम करता येणारा नवाकोरा ईसीएम मी परदेशातून मागवला, तर तो नवा माल, ड्यूटी आणि १८ टक्के जीएसटी भरला की रीतसर घरी येतो. पण तो लावला की माझी गाडी कंपनीच्या मूळ रचनेपासून हटली. याउलट त्याच गाडीचा, त्याच नंबरचा जुना ईसीएम लावला तर गाडी तंतोतंत मूळ राहते, आणि तोच मला आणता येत नाही. एक कायदा म्हणतो मूळ ठेव, दुसरा म्हणतो मूळ आणू नकोस. ज्याला कायद्याने वागायचंय त्याने करायचं काय?

फत्तेगंजचा सर्व्हेयर

हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. माझ्यासमोर अशी गाडी आली तर जुना मूळ ईसीएम मला बदल वाटणार नाही, तो दुरुस्ती वाटेल. नवा प्रोग्राम केलेला मात्र मी अहवालात नोंदवीन, कारण इंजिनाची ताकद आणि धूर दोन्ही त्याच्या हातात असतात, आणि लॅपटॉप जोडून ते कधीही बदलता येतं. म्हणून तुमची मागणी मला त्या एका भागापुरती पटते. पण बिलावर भाग-क्रमांक आणि ज्या गाडीतून काढला तिचा चासी नंबर हवा. तेवढं नसेल तर चोरीचा माल आणि खरा माल यांत फरक कसा करायचा?

मकरपुरा लेथ

मला अजूनही पटलेलं नाही. परवाना ‘दिवे आणि ईसीएम’ म्हणून निघेल आणि कंटेनरमध्ये जपानहून अर्धी कापलेली गाडी येईल, पुढचा भाग इंजिनासकट. प्रत्येक खोकं उघडून बघायला बंदरावर माणसं कुठून आणणार? शिवाय ज्या गाड्यांना चोरी रोखणारा इमोबिलायझर आहे, त्यांत दुसऱ्या गाडीचा ईसीएम नुसता जोडून चालत नाही, किल्लीशी जुळवावा लागतो. लोक तो आणतील, गाडी चालू होणार नाही, मग दुसरा आणतील.

तुम्ही जुना ईसीएम उघडून पाहिला का, की गॅरेजवाल्याने ‘गेला’ म्हटलं आणि तुम्ही मानलं? पुराच्या गाळाने बहुतेक वेळा कनेक्टरच्या पिना आणि कपॅसिटर खाल्लेले असतात. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, कपॅसिटर बदलून, तुटलेले ट्रॅक तारेने जोडून पुष्कळदा जागा होतो. आमच्या लाईनीत एक पोरगा हेच काम करतो, सीएनसी मशीनचे बोर्ड दुरुस्त करता करता शिकला.

विश्वामित्रीकाठ

उघडला होता. कनेक्टरच्या सहा पिना हिरव्या पडून गळून गेल्यात आणि बोर्डाच्या एका कोपऱ्यावर गंज आतल्या थरापर्यंत गेलाय असं सांगितलं. अल्कोहोलने धुतलेला नाही, हे खरं.

मकरपुरा लेथ

मग आतल्या थरापर्यंत गेलाय हे न धुता कसं कळलं? शनिवारी दुपारी तीननंतर घेऊन या, बाबांनाही आणा. कनेक्टर नवा घालू. हेडलाईटचा रिफ्लेक्टरही सोबत आणा, व्हॅक्यूममध्ये ॲल्युमिनियमचा थर चढवून देणारे माझ्या ओळखीत आहेत. काच शाबूत असेल तर इंग्लंडहून आणायची गरज पडणार नाही.

विश्वामित्रीकाठ

काच शाबूत आहे. शनिवारी येतो. बोर्ड जागा झाला नाही तर परवान्यासाठी अर्ज करणार, तेव्हा तुमचा विरोध मी त्यात जसाच्या तसा लिहीन.