अकरांना दिलेली आज्ञा आणि अंत्युखियाची मंडळी

मत्तय २८ मधली ‘सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या’ ही येशूची आज्ञा फक्त अकरा शिष्यांना दिली होती, म्हणून सुवार्ता सांगणं हे पाळकांचं आणि मिशनऱ्यांचं काम, असं काही जण म्हणतात. साध्या विश्वासी माणसाने आधी प्रशिक्षण घ्यावं, मग साक्ष द्यावी, आणि सुवार्ता सांगताना जबरदस्ती होते, असेही आक्षेप असतात. यातला पहिला युक्तिवाद जुनाच आहे. पुढे भारतात आलेला इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी याने १७९२ मध्ये याच समजुतीविरुद्ध लिहिलं होतं: आज्ञा प्रेषितांपुरतीच (म्हणजे येशूने निवडलेल्या त्या शिष्यांपुरतीच) असेल तर बाप्तिस्मा देण्याचं कामही त्यांच्यापुरतंच धरावं लागेल, कारण ते त्याच वाक्यात आहे. यावर मला अजून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

पण या चर्चेत बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचे अध्याय ८ आणि ११ कुणी काढत नाही, याचं नवल वाटतं. स्तेफन या विश्वासी माणसाच्या वधानंतर मंडळीचा (ख्रिस्ती समुदायाचा) छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित सोडून बाकी सगळे पांगले. म्हणजे ज्यांना आज्ञा मिळाली ते यरुशलेमेतच राहिले, आणि वचन घेऊन बाहेर पडले ते जीव वाचवायला निघालेले साधे विश्वासी. त्यांच्यातल्याच कुप्र (सायप्रस) आणि कुरेने (उत्तर आफ्रिका) इथल्या काही जणांनी सिरियातल्या अंत्युखिया शहरात ग्रीक लोकांशी बोलायला सुरुवात केली. त्यांची नावंसुद्धा या पुस्तकाचा लेखक लूक देत नाही. यरुशलेमेच्या मंडळीकडून बर्णबा नंतर पाठवला गेला, शौलाला (म्हणजे पौलाला) त्याने त्याहून नंतर आणलं. पुढे या दोघांना सुवार्तेच्या प्रवासाला पाठवलं तेही अंत्युखियाच्याच मंडळीने. तेव्हा ‘आधी प्रशिक्षण, मग साक्ष’ हा क्रम निदान अंत्युखियात तरी दिसत नाही. शिक्षण झालं, पुढे वर्षभर झालं, पण लोक विश्वासात आल्यावर.

जबरदस्तीबद्दलचा आक्षेप मात्र पूर्ण मान्य. १ पेत्र ३:१५ मध्ये विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलंय, तेही सौम्यतेने.