चर्चच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या मुलांसाठी हॉल उघडायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

निवृत्त_पंच

नमस्कार मंडळी. आमचं चर्च शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या भागात आहे. बरीच कुटुंबं उपनगरांत राहायला गेली. आता रविवारी उपासनेला चाळीस-पंचेचाळीस माणसं येतात, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. चर्चला लागून मोठा हॉल आहे. शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) आणि महिला सभा सोडली तर तो आठवडाभर कुलपात असतो. संध्याकाळी सातनंतर त्याच हॉलच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस पोरं बसलेली असतात. बहुतेक जण आमच्या चर्चच्या मंडळीतले नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. मोबाइल, गप्पा, कधी सिगारेट, कधी हमरीतुमरी. गेल्या महिन्यात खिडकीची काच फुटली.

कमिटीत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, पायऱ्यांना लोखंडी जाळी लावून टाका. पाळकसाहेब आणि मी म्हणालो, हॉल उघडा. दोन महिन्यांत योजना मांडायचं काम माझ्याकडे आलंय. मी बँकेतून निवृत्त झालोय. हिशेब येतो, पण पोरांचं काही कळत नाही. संगणक वर्ग घ्यावा, व्यायामशाळा काढावी की गिटार शिकवावी? पैसा कुठून उभा करायचा? आणि हे धर्मप्रसारासाठी चाललंय असं लोकांना वाटलं तर काय करायचं?

मैदानवेडा

दादा, चेंडूपासून सुरुवात करा. १८८० मध्ये मँचेस्टरच्या वेस्ट गॉर्टन भागात सेंट मार्क्स चर्चने फुटबॉलचा संघ काढला. कारखान्यांची वस्ती होती. दारू आणि टोळ्यांच्या मारामाऱ्यांनी लोक हैराण झाले होते. तरुणांना काहीतरी चांगलं हाती द्यावं म्हणून तिथल्या पाळकांच्या मुलीने, ॲना कॉनेल यांनी, पुढाकार घेतला असं मानतात. तोच संघ नावं बदलत बदलत १८९४ मध्ये मँचेस्टर सिटी झाला. एव्हर्टन या फुटबॉल क्लबचं मूळही चर्चच्याच संघात आहे. १८९१ मध्ये बास्केटबॉलचा जन्म झाला तोही वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत. खेळाला भाषा लागत नाही, धर्म लागत नाही.

शुक्रवारची_किल्ली

काका, (वयाने मोठे दिसता म्हणून काका म्हणते.) मी बारा वर्षं अशाच एका चर्चचा हॉल दर शुक्रवारी संध्याकाळी उघडते. मैदानवेडा म्हणतात ते खरं आहे, पण फक्त चेंडू ठेवलात तर मुलगे येतील आणि मुली घरीच राहतील. माझं सांगणं एवढंच की उपक्रम आधी ठरवू नका.

आम्ही ठरवला होता. वर्गणीतून तीन संगणक घेतले, भिंतीवर वेळापत्रक लावलं, दारावर मोठा फलक टांगला. पहिल्या शुक्रवारी दोघं आले. त्यातला एक संडास कुठे आहे विचारायला आला होता. त्या रात्री मी घरी जाऊन रडले. पुढच्या आठवड्यात मात्र त्याच्याशीच बोलत बसले. त्यांना काय हवं होतं? स्वच्छ संडास, मोबाइल चार्ज करायला जागा आणि कुणी हाकलणार नाही असं छप्पर. घरी एका खोलीत सहा-सात माणसं. मोठा भाऊ रात्रपाळी करून आला की तो झोपणार, त्यामुळे पोरगं बाहेर. पायरीवर ते आवडीने बसत नव्हतं, दुसरी जागाच नव्हती.

मग मागची छोटी खोली अभ्यासाला दिली. चार टेबलं, बरे दिवे आणि एकच नियम: इथे मोठ्याने बोलायचं नाही. मुली आल्या त्या या खोलीमुळे. ‘हॉलमध्ये जाते’ म्हटलं तर घरून नकार मिळायचा, ‘अभ्यासाला जाते’ म्हटलं की परवानगी. एक आई तीन शुक्रवार दाराशी उभी राहिली. आत काय चालतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं आणि चौथ्या शुक्रवारी धाकटीलाही पाठवलं. मोठ्या हॉलमध्ये टेबल टेनिस आलं, पुढे ढोल-गिटार आले, पण मुलांनी मागितले तेव्हा.

धर्माबद्दल आम्ही पहिल्याच बैठकीत स्पष्ट ठरवलं. भिंतीवरचा क्रूस उतरवायचा नाही. हे चर्च आहे हे लपवायचं कारण नाही. पण आत यायला प्रार्थनेची अट नाही, उपासनेचं आमंत्रण नाही, पत्रकं वाटायची नाहीत. हे कागदावर लिहून पालकांना दिलं. शब्द एकदा दिला की मंडळीतल्या प्रत्येकाने तो पाळायला हवा, अगदी उत्साही पाहुण्या वक्त्यानेसुद्धा.

सुरक्षिततेत मात्र तडजोड करू नका, माणसं कमी असली तरीही. हॉलमध्ये कायम किमान दोन मोठी माणसं हवीत, आणि मुली येत असतील तर त्यातली एक बाई. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद दाराआड कधीही नको. आम्ही अभ्यासाच्या खोलीच्या दारात काच बसवून घेतली. मदतीला येणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून पडताळणी करा, मग तो पाळकांचा भाऊ का असेना. मुलाने काही गंभीर सांगितलं तर ते कुणाच्या कानावर घालायचं, ते नाव आधीच ठरलेलं असू द्या. ‘आपली माणसं चांगलीच आहेत’ या भरवशावर बऱ्याच ठिकाणी मुलांचं वाईट झालंय. म्हणून इथे मी कुणाची भीड ठेवत नाही.

आता पैशाचं. दिवसा हॉल भाड्याने द्या, त्यावर संध्याकाळचं वीजबिल निघतं. मोठ्या अनुदानामागे सुरुवातीला धावू नका. आमच्याकडे एका संस्थेच्या अनुदानावर पगारी कार्यकर्ता आला होता. मुलांना त्याचा फार लळा लागला. दीड वर्षाने अनुदान थांबलं, तो गेला. पुढच्या शुक्रवारी एका चौदा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, “मावशी, तुम्ही कधी जाणार?” या मुलांच्या आयुष्यातून मोठी माणसं सतत निघून जात असतात. चर्चकडे इतर कुणाकडे नसेल असं एक बळ आहे: ते पुढच्या शुक्रवारीही तिथेच असतं. म्हणून जेवढं दहा वर्षं झेपेल तेवढंच सुरू करा. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे, पण ती चुकवायची नाही. पाऊस असो, सण असो, दोघंच येवोत.

आणि ‘पोरांचं काही कळत नाही’ असं म्हणू नका. तुम्ही बँकेत होतात ना? सतरा-अठराच्या मुलांना नोकरी हवी असते. अर्ज कसा लिहायचा, खातं कसं उघडायचं, कर्जाचा कागद सही करण्याआधी कसा वाचायचा, हे त्यांना घरी सांगणारं कुणी नसतं. लॉस एंजेलिसच्या डोलोरेस मिशनचे पाळक ग्रेग बॉइल यांनीही हेच ओळखलं. त्या भागात टोळ्यांचा फार जोर होता. १९८८ मध्ये त्यांनी मंडळीतल्या माणसांना घेऊन मुलांसाठी नोकऱ्या शोधायला सुरुवात केली. पुरेशा मिळेनात, म्हणून १९९२ मध्ये स्वतःच बेकरी काढली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांतली मुलं तिथे शेजारी उभी राहून काम करू लागली. त्याच्याही कितीतरी आधी इटलीत, तुरिनमध्ये, डॉन बॉस्को हे धर्मगुरू शिकाऊ मुलांसाठी मालकांशी लेखी करार करत: मुलाला मारायचं नाही, ठरल्या कामाशिवाय दुसरं राबवून घ्यायचं नाही, सुटी द्यायची. तुमच्या मंडळीतल्या निवृत्त माणसांची यादी करा आणि कोण काय काम करत होतं ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. शिंपी, परिचारिका, वायरमन, कारकून. ती यादी म्हणजेच तुमची योजना.

निवृत्त_पंच

ताई, तुमचं उत्तर छापून पाळकसाहेबांना नेऊन दिलं. दोन शंका आहेत. हॉलमध्येच मारामारी झाली तर काय करायचं? आणि जी कुटुंबं विरोधात आहेत त्यांची समजूत कशी घालायची?

शुक्रवारची_किल्ली

मारामारी होईल, काका. आमच्याकडे चौथ्या वर्षी चाकू निघाला. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री हॉल बंद केला, पोलिसांना आणि पालकांना कळवलं. कमिटी म्हणाली, आता कायमचा बंद करा. मी बोस्टनचं उदाहरण दिलं. १९९२ मध्ये तिथल्या एका चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना टोळीतली पोरं आत घुसली आणि सगळ्यांदेखत एका तरुणाला भोसकलं. त्यानंतर तिथले काही पाळक एकत्र आले आणि रात्री रस्त्यांवर मुलांमध्ये फिरू लागले. त्यातून टेनपॉइंट कोअलिशन ही पाळकांची संघटना उभी राहिली. त्यांनी दार लावून घेतलं असतं तर कुणी दोष दिला नसता.

पुढच्या शुक्रवारी आम्ही हॉल उघडला. चाकू काढणाऱ्या मुलाला सहा आठवडे आत येऊ दिलं नाही, पण त्या सहाही आठवड्यांत आमच्यातलं कुणीतरी त्याच्या घरी जाऊन आलं. शिक्षा झाली म्हणजे नातं तुटलं असं त्याला वाटायला नको होतं. सातव्या आठवड्यात तो आला. आज हॉलच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे आहे.

विरोध करणाऱ्यांचं खोटं सांगणार नाही. सगळ्यांची समजूत पटली नाही. एक कुटुंब याच कारणाने मंडळी सोडून गेलं. आजोबांपासून तिथे असलेली माणसं होती ती. मला अजून त्याचं वाईट वाटतं. त्यांची भीती खरी होती, आणि मी ती नीट ऐकून घेतली नाही. तुम्ही ऐका. हॉल उघडण्याआधी प्रत्येकाच्या घरी जा.

पायरीवरचा

मी पायऱ्यांवर बसणाऱ्यांपैकी होतो, दुसऱ्या शहरात. दोनच गोष्टी सांगतो. आमच्यासाठी एका ठिकाणी असाच उपक्रम निघाला होता. मला आवडायचं तिथे. मग एकदा त्यांच्या माहितीपुस्तिकेत माझा फोटो दिसला, खाली लिहिलेलं ‘वाट चुकलेली मुलं’. वर्गातल्या कुणीतरी तो आणून दाखवला. मी परत गेलो नाही. देणगीदारांना दाखवायला मुलांचे चेहरे वापरू नका, आणि त्यांच्याबद्दल जे काही लिहाल ते आधी त्यांना वाचून दाखवा.

दुसरं, जाळीचे पैसे मंजूर झाले असतील तर त्यात पायऱ्यांवर एक दिवा लावा. अंधारात बसलेल्या पोरांची लोकांना भीती वाटते. उजेडात चेहरे दिसतात.

निवृत्त_पंच

काल साडेसातला पायऱ्यांवर जाऊन बसलो. पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही, चार जण उठून गेले. मग एकाने विचारलं, “अंकल, तुम्ही चर्चचे का? मागचा नळ चालू होतो का हो?” तो नळ दोन वर्षं बंद आहे आणि कमिटीत कुणालाही त्याची खबर नव्हती. नावं विचारली. अकरा जणांची लिहून घेतली, सातांची सकाळपर्यंत लक्षात राहिली. काच कुणी फोडली ते विचारलं नाही. प्लंबर उद्या दहाला येतोय. शुक्रवारी त्याच वेळेला पुन्हा जाऊन बसणार आहे.