रविवारचा फुकट प्रवेश पाहुण्यांना नाही

मेक्सिको सिटीजवळ तेओतिवाकानचे प्राचीन पिरॅमिड आहेत. 'पाहुण्यांना तेओतिवाकानला रविवारी न्या, प्रवेश फुकट असतो' हा नेहमीचा सल्ला अर्धाच खरा. सूट मेक्सिकन नागरिकांना आणि रेसिडेंट कार्डवाल्यांना. पर्यटक म्हणून आलेल्यांना तिकीट पडतंच, वर मरणाची गर्दी. त्यापेक्षा आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळीच मेक्सिको सिटीच्या मेट्रो लाइन ५ वर आउतोबुसेस देल नोर्तेला (उत्तरेकडचा बस अड्डा) उतरा आणि 'पिरामिदेस' पाटीची बस धरा. नुसतं तेओतिवाकान म्हणालात तर पिरॅमिडांऐवजी त्याच नावाच्या गावात उतरण्याची शक्यता.

शाकाहारी मंडळी असतील तर 'मांस नको' एवढ्यावर भागत नाही. फ्रिहोलेस (राजम्यासारख्या शेंगादाण्यांची उसळ) बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेले असतात आणि दिसायला निरुपद्रवी असलेला तो लाल भात कोंबडीच्या रश्श्यात शिजलेला. 'सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' (चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको) असं स्पष्ट सांगा. आणि मेक्सिको सिटीतलं मानववंशशास्त्र संग्रहालय बघायचं असेल तर ते सोमवारी बंद.