शेळीच्या धारेसाठी घरीच स्टँड करायचा आहे : उंची, लाकूड, मान अडकवायची सोय?

प्रश्न (पेडणे)
नमस्कार. घरी दोन दुभत्या शेळ्या आहेत, दोन्ही कोकण कन्याळ जातीच्या, शिंगांच्या. धार आई काढते, उकिडवं बसून. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यात एक शेळी लाथ मारून भांडं उलटवते. पावसाळ्यात पडलेल्या फणसाच्या फळ्या कापून ठेवल्या आहेत, कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पोफळीही आहेत. शेळीला वर उभी करून खुर्चीत बसून धार काढता येईल असा स्टँड करायचा आहे. उंची किती ठेवावी? शिंगांच्या शेळीची मान कशी अडकवतात? आपल्या गोव्याच्या पावसात कुठलं लाकूड टिकेल? की तयार लोखंडी आणलेला बरा?

प्रतिसाद (वाळपई)
ताई, उंची दुसऱ्याला विचारून ठरवू नका, आईला विचारा. ती ज्या खुर्चीवर बसून धार काढणार तिच्यावर तिला बसवा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून शेळीच्या सडांची जमिनीपासूनची उंची वजा करा. उरेल ती फळीची उंची. बहुतेकदा ती 15 ते 18 इंचांत येते. चढायला एक चिरा (जांभा दगड) आडवा टाकला की पायरी झाली. तेवढ्या उंचीवर शेळी एरवीही आवडीनं उडी मारते.

फळी 4 फूट लांब आणि 2 फूट रुंद पुरे. त्याहून रुंद केलीत तर शेळी अंग चोरून पलीकडे सरकते आणि आईला वाकून हात लांबवावा लागतो. सगळा स्टँड एका बाजूनं भिंतीला टेकवा, म्हणजे तिला सरकायला जागाच उरत नाही.

मानेसाठी दोन उभ्या पट्ट्या लागतात. एक पक्की ठोकायची. दुसरी खाली एकाच बोल्टवर फिरती ठेवायची, वर खिट्टी. मिटल्यावर दोन्हींमध्ये साधारण 4 इंच फट राहिली पाहिजे: मान सैल राहील, पण डोकं मागे निघणार नाही. शिंगांच्या शेळीला फिरती पट्टी वरच्या बाजूनं फूटभर तरी उघडली पाहिजे, आणि वरची आडवी पट्टी शिंगांच्याही वर हवी. मानेला लागणाऱ्या कडा रंधा मारून गोल करा, मग पॉलिश पेपर. खिट्टी एका हातानं निघेल अशीच ठेवा आणि अडकवलेल्या शेळीला एकटी सोडून कुणी कुठे जाऊ नका. ती घसरली तर गळा आवळतो.

प्रतिसाद (काणकोण)
लाकडाचं सांगतो. फणसाचा पिवळा गाभा उत्तम, त्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. बाहेरचा पांढरट भाग मात्र काढून टाका. प्लायवुडच्या वाटेला जाऊ नका, आपल्या दमट हवेत ते फुगतं, सुटतं आणि मुताचा वास धरून ठेवतं. पोफळीच्या चिपा ओल्या झाल्या की निसरड्या होतात, त्या गोठ्याच्या कुडाला वापरा, उभं राहायच्या फळीला नको. दोन फळ्यांत 1 सेंटीमीटर फट ठेवा. पाणी निथळतं आणि खूरही अडकत नाही.

पाय थेट मातीत नकोत. लाकूड कापलेल्या टोकाकडून पाणी ओढतं, म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. पायांच्या बुडाला काजूबियांच्या टरफलाचं तेल लावता येईल, जुने होडीवाले लावायचे तेच. पण ते कातडी भाजतं. हातमोजे घाला, पूर्ण वाळू द्या, आणि शेळीचं तोंड किंवा कास लागेल अशा जागी अजिबात लावू नका. वरच्या फळ्यांना जवसाचं तेल चालेल. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. लोखंडी स्टँड समुद्राजवळ लवकर गंजतो. घ्यायचाच तर गॅल्वनाइज्ड पाइपचा.

प्रतिसाद (फोंडा)
स्टँड बनला म्हणजे शेळी उभी राहील असं नाही. आधी काही दिवस धार काढायचीच नाही त्यावर, फक्त चढवा, गव्हाणीत मूठभर मक्याचा भरडा आणि खोबऱ्याची पेंड घाला, उतरवा. मग कासेला हात लावायची सवय. खुराक संपायच्या आत धार संपली पाहिजे, पुढे तिचा जीव तिथे थांबत नाही. कास चोळल्यावर पान्हा येतो, तो काही मिनिटंच टिकतो, म्हणून भांडं, कापड सगळं आधी हाताशी ठेवा.

आणि लाथ मारणाऱ्या शेळीची कास आधी तपासा. गरम, कडक लागते का? पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्या. गाठी किंवा पाणी दिसलं तर ती दगडी, म्हणजे कासेचा दाह. मग स्टँडआधी पशुवैद्य. दुखऱ्या कासेची शेळी अडकवून ठेवली की तिला स्टँडचीच भीती बसते, ती पुढे जाता जात नाही.

प्रश्न (पेडणे)
देव बरें करूं सगळ्यांचें. कास तपासली, गरम नाही, गाठीही नाहीत. आईचं माप घेतलं, 16 इंच आलं. धार झाल्यावर लगेच उतरवायची का?

प्रतिसाद (फोंडा)
उतरवा, पण लगेच बसू देऊ नका. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, चिखलात बसली की त्यातूनच रोग शिरतो. सड पोविडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि फणसाचा टाळा (पानांची डहाळी) तिच्या तोंडाइतक्या उंचीवर बांधा, उभी राहून खात बसेल. दूध उकळूनच प्या, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा रोग माणसाला होतो. बोकड असेल तर धारेच्या जागेपासून लांब बांधा, त्याचा वास दुधाला लागतो.

प्रतिसाद (वाळपई)
16 आलं तर पाय 15 इंचांचे कापा, इंचभर फळीची जाडी. आणि गव्हाण खिळ्यांनी ठोकू नका, आकड्यांवर अडकवा. पेंड पावसाळ्यात लवकर बुरसटते, रोज काढून धुता आली पाहिजे.