'मौखिक शोषण'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. पाण्यात नीट न विरघळणारी औषधं तेलाच्या इमल्शनमधून दिली की रक्तात जास्त प्रमाणात कशी पोचतात, हा विषय. मथळ्यातल्या 'oral absorption'साठी मी 'मौखिक शोषण' लिहिलं होतं. संपादकांनी लाल रेघ मारून विचारलं, "हे छळाविषयी आहे का?" त्यांचं बरोबर आहे. परीक्षा मौखिक असते आणि शोषण मजुरांचं होतं. 'तोंडावाटे शोषण' केलं तर औषध तोंडातच शोषलं जातं असं वाटतं. खरं काम लहान आतड्याचं. काय लिहू? आणि इमल्शनला 'पायस' चालेल का?

जुनीवही: 'जिरणे' लिहा. पाणी जमिनीत जिरतं, तेल डोक्यात जिरतं, तसं औषध आतड्यातून जिरतं. इतका नेमका शब्द घरात असताना 'शोषण' कशाला?

काठावर: जिरलं की संपलं. रग जिरते, खोड जिरते. औषध संपत नाही, रक्तात पोचतं. मला 'भिनणे' जवळचा वाटतो.

जुनीवही: भिनतं ते विष. आजाऱ्याच्या हातात द्यायच्या कागदावर 'भिनेल' लिहायचं?

खलबत्ता: मी औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो. भिनणं हा पुढचा टप्पा. आतड्याची भिंत ओलांडून रक्तात येणं वेगळं, तिथून अंगभर पसरणं वेगळं. आणि या औषधांची अडचण बहुतेक वेळा भिंत नसतेच. १९९५ साली विद्राव्यता (पाण्यात विरघळण्याची क्षमता) आणि भिंत ओलांडण्याची क्षमता पाहून औषधांचे चार वर्ग पाडले गेले. त्यातल्या दुसऱ्या वर्गातली औषधं भिंत सहज ओलांडतात, पण आधी विरघळतच नाहीत. ग्रिसिओफुल्विन हे बुरशीवरचं औषध स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर जास्त शोषलं जातं ते याचमुळे. स्निग्ध पदार्थ आला की पित्त सुटतं आणि औषधाला विरघळायला जागा मिळते. तेच काम आपण आधी करून ठेवतो. औषध तेलात विरघळवायचं, सोबत पायसीकारक, म्हणजे तेल पाण्यात मिसळू देणारा पदार्थ, घालायचा, कॅप्सूलमध्ये भरायचं. पोटाच्या हालचालीनेच त्याचे बारीक थेंब होतात. ताई, शब्द कुठलाही घ्या, पण 'आधीच विरघळवलेलं' हे गाळू नका. सगळी युक्ती तिथे आहे.

मूळशोध: 'पायस'च लिहा. इमल्शनचं मूळ लॅटिन 'एमल्गेरे', म्हणजे दूध काढणे. आपल्या पायसात 'पयस्', तेही दूधच. दूध हे स्वतः इमल्शन आहे, पाण्यात तरंगणारे स्निग्ध थेंब. दोन भाषा एकाच प्रतिमेवर आल्या असताना परका शब्द घेणं मला पटत नाही.

काठावर: पण लोकांच्या तोंडी 'पायस' आधीच दुसऱ्या, गोड अर्थाने आहे. पत्रक रुग्ण वाचणार आहे, परिभाषा समिती नाही. इमल्शन सगळ्यांना कळतं.

मूळशोध: कळतं ते रंगाच्या डब्यावरचं. गिळायच्या औषधाला तो शब्द लावला तर भिंतच डोळ्यांसमोर येईल.

खलबत्ता: दुधाची प्रतिमा मला हाताने तपासता येते. बीकरमध्ये ३७ अंशांचं पाणी हळू ढवळत ठेवून त्यात कॅप्सूलमधलं तेल सोडायचं. मिश्रण साधं असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. चांगलं जमलं असेल तर पांढरं होतच नाही; जवळजवळ पारदर्शक राहतं, उजेडात धरलं की निळसर झाक दिसते. थेंब इतके बारीक की प्रकाश जेमतेम विखुरतो. म्हणजे जे सगळ्यात चांगलं, तेच दुधासारखं नसतं.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. सायक्लोस्पोरिन घ्या. अवयवरोपणानंतर द्यायच्या या औषधाला अमेरिकेत १९८३ साली मान्यता मिळाली, तेव्हा त्याचं पोटात घ्यायचं द्रावण ऑलिव्ह तेलातलं होतं. शोषण पित्तावर अवलंबून, माणसागणिक वेगळं. १९९५ साली पोटात मायक्रोइमल्शन, म्हणजे वर सांगितलेलं अतिबारीक थेंबांचं पारदर्शक मिश्रण, होणारं रूप आलं आणि शोषण वाढलं, भरवशाचंही झालं. ही दोन रूपं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकाऐवजी दुसरं अशी घेता येत नाहीत. औषध कमी पडलं तर शरीर अवयव नाकारतं, जास्त झालं तर मूत्रपिंडांना इजा. अनुवादात दोन्हीला 'पायस' म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

मूळशोध: मग दुसऱ्याला 'सूक्ष्मपायस' म्हणा. अडलं कुठे?

खलबत्ता: नॅनोइमल्शनपाशी. मायक्रोला 'सूक्ष्म' आणि नॅनोला 'अब्जांश' म्हटलं तर वाचून वाटतं की दुसऱ्याचे थेंब लहान. प्रत्यक्षात मायक्रोइमल्शनचे थेंब बरेचदा अधिक लहान असतात. खरा फरक टिकण्यात आहे. मायक्रोइमल्शन मुळातच स्थिर असतं, नॅनोइमल्शन हळूहळू का होईना, फुटतं.

तळटीप: खलबत्ता, तुम्ही सहज 'पोटात घ्यायचं' लिहून गेलात. माझा अर्धा प्रश्न तिथेच सुटला! 'मौखिक' काढते. आता 'शोषण' आणि औषधांना लावलेला 'अल्पविद्राव्य' हा शब्द उरले. दुसऱ्यासाठी 'पाण्यात न वितळणारी औषधं' कसं वाटतं?

काठावर: वितळणारी नको! मेण उष्णतेने वितळतं, साखर पाण्यात विरघळते.

जुनीवही: आमच्याकडे साखरही वितळतेच. शाळेत याच शब्दासाठी माझा एक गुण कापला होता, ते मला आजही पटलेलं नाही. विरघळणे हा पुस्तकांनी लादलेला भेद आहे.

मूळशोध: लादलेला कसा? माणूस दुःख पाहून विरघळतो, वितळत नाही. बोलीनेच केलेला भेद आहे तो.

जुनीवही: आमच्या बोलीत माणूसही वितळतो.