अनुभव धागा: 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल' तुमच्या कानात कसा बसला?

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज संगीतातले गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांचा हा अल्बम २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झाला आणि १९६५ मध्ये बाजारात आला. लांबी जेमतेम पस्तीस मिनिटं. तरी अजून लोक तो शोधून ऐकतात. ज्यांनी मनापासून ऐकलाय त्यांनी लिहा. नुसतं 'भारी आहे' नको, कुठली जागा आवडली तेही सांगा.

सुरुवात मी करते. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट'. तक्रार करणारा माणूस हिशेब मांडतो: नवी फोर्ड दिली तर तुला कॅडिलॅक हवी, दहा डॉलरचं जेवण घातलं तर म्हणतेस नाश्त्याबद्दल आभार. दर ओळीला बँड थांबतो, आवाज एकटा उरतो. शेवटी सात मुलांची ओळ येते, तुला सात मुलं दिली, ती आता तू परत करायला निघालीस म्हणून, आणि सगळं थिएटर ओरडतं. ती ओरड काढून टाकली तर गाणं अर्धं होईल, असं माझं ठाम मत आहे. मैफलीत समेवर दाद येते ना, तशी ती नेमकी जागेवर पडते.

---

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार! मी गिटार वाजवतो, त्यामुळे माझा कान डाव्या हाताकडे. किंग गाताना वाजवत नाहीत. ओळ गातात, थांबतात, मग ल्युसिल, म्हणजे त्यांची गिटार, उत्तर देते. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक स्वर, जवळजवळ नाहीतच. एक स्वर धरायचा आणि मनगटातून तो थरथरवायचा. त्यांचे नातलग बुका व्हाइट स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवून, वाजवायचे. तो आवाज आपल्याला स्लाइडने जमेना म्हणून बोटांनी काढायचा प्रयत्न केला, असं किंग सांगत. 'वरी, वरी' ऐका, गाणं सुरू व्हायच्या आधी गिटार किती वेळ बोलते ते. सुरांची संख्या कमी आहे, पण एकही वाया गेलेला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना वेगाने वाजवायची घाई झाली की मी हेच लावतो.

---

मी शिकागोत राहते. रीगल दक्षिण भागात, ब्रॉन्झव्हिलमध्ये, ४७व्या रस्त्याजवळ होतं. १९२८ साली उघडलं, १९७३ मध्ये पाडलं. इथले कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुख मिसिसिपी, अर्कान्सासकडून कामाच्या शोधात उत्तरेला आलेले. किंगही मिसिसिपीतलेच, १९२५चा जन्म, कापसाच्या मळ्यात वाढलेले. अल्बममध्ये ते म्हणतात की आता जुनी गाणी घेतो, ओळखीचं आलं तर आवाज करा. 'प्लीज लव्ह मी' १९५३चं, 'यू अपसेट मी बेबी' १९५४चं, 'स्वीट लिटल एंजल' १९५६चं. म्हणजे श्रोत्यांच्या तरुणपणातली. त्या किंकाळ्यांमध्ये मला गावाकडची ओळख पटल्याचा आनंद ऐकू येतो. परदेशात राहून हे जास्त कळतं की काय कोण जाणे, पण मला कळतं.

---

+१. 'स्वीट लिटल एंजल'मधून 'इट्स माय ओन फॉल्ट'मध्ये जातात ती जागा! मध्ये टाळ्यांसाठीसुद्धा थांबत नाहीत. सॅक्सोफोनवाल्यांचंही कौतुक करा कोणीतरी.

---

थोडा वेगळा सूर लावतो. किंग स्वतः म्हणत की याहून चांगले कार्यक्रम आपण शेकडो केले. मलाही १९६६ला शिकागोतच एका क्लबात ध्वनिमुद्रित झालेला 'ब्लूज इज किंग' अधिक जवळचा. तिथे खोली लहान, वादन जास्त रांगडं. पण ब्लूज कधीच न ऐकलेल्या माणसाच्या हाती द्यायचा असेल तर रीगलच. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २००५च्या यादीत तो घेतला, ते योग्यच झालं.

---

२०११ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवात ब्लूज गिटारवादक-गायक बडी गाय यांना ऐकलं. तोवर मला रीगलमधला गोंगाट त्रासदायक वाटायचा, स्टुडिओतली मूळ रेकॉर्डच बरी वाटायची. शिकागोचा हा माणूस समोर उभा राहून गाऊ लागला आणि आमच्या रांगेतले एक काका, पुढे बसलेल्या मुली, सगळे त्याला परत ओरडून उत्तर देत होते. मीही दिलं. आता रीगल हेडफोनवर ऐकत नाही. घरी मोठ्या स्पीकरवर लावते, आणि सात मुलांच्या ओळीला आम्ही चौघंही ओरडतो.