क्लिक भलतीकडे पडत असतील तर

भाऊ, घरी नीट चालणारी ऑटोहॉटकी (माऊस-कीबोर्डची कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट ऑफिसच्या पीसीवर भलतीकडेच क्लिक करते म्हणालात, तर आधी डिस्प्लेचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती टक्के मोठं दाखवायचं ती सेटिंग, बघा. १०० टक्क्यांना डावीकडून ८०० पिक्सेलवर असलेलं बटण १२५ टक्क्यांना साधारण १००० वर जातं. जमेल तिथे जागेऐवजी बटणाच्या नावावर क्लिक करणारी कंट्रोलक्लिक ही आज्ञा वापरा.

पण मला खरी भीती स्लीपची, म्हणजे स्क्रिप्टला ठराविक वेळ थांबवणाऱ्या आज्ञेची वाटते. रावेरला एका केळी व्यापाऱ्याकडे काटापावतीची एंट्री मी स्क्रिप्टवर टाकली होती, स्लीप २०००, म्हणजे दोन सेकंद, ठेवून. सीझनमध्ये डेटा वाढला, एंट्रीची विंडो तीन सेकंदांनी उघडायला लागली आणि वजनाचा आकडा आधीच्याच विंडोत, भावाच्या रकान्यात जाऊन बसला. एरर काहीच नाही! शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न. रात्रभर बसून एकेक पावती पडताळली. तेव्हापासून विंडो समोर येण्याची वाट बघणारं विनवेटअ‍ॅक्टिव्ह लावतो. विंडो आली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

आणि हो, ज्यात क्लिक करायचंय ते सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन म्हणून चालत असेल तर साध्या स्क्रिप्टने दाबलेली बटणं विंडोज तिथवर पोहोचूच देत नाही, विंडोज व्हिस्टापासून तसंच आहे. स्क्रिप्टही अ‍ॅडमिन म्हणून चालवून बघा.